दोऱ्यातला दोष

"बुरूल, आज तू हरायचंस," तोक्तोसुन आजोबांनी दम भरला. "आणि नीट हर. नाटक दिसता कामा नये."

"मग टोपी?"

"हरल्याबद्दल मिळेल. जा, रांगेत उभी राहा."

बुरूल रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. समोर पॉपलरच्या झाडाखाली पसरलेल्या लोकरीच्या जाड नमद्यावर तिलेक बसला होता. त्याच्या आजीने, ऊलकान आपाने, मागून काखेत हात घालून त्याला धरलेलं. दोन्ही घोट्यांना मिळून काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळदार दोरा बांधलेला. पोर पाऊल टाकायला लागलं की असा दोरा बांधायचा, गावाने धावायचं आणि पहिला येईल त्याने तो कापायचा. मग पोर सुटतं, आयुष्यभर अडखळत नाही. तिलेक पाऊल टाकायला लागला नव्हता. त्याच्या बरोबरीची पोरं लागली होती. ती आता शर्यतीत धावत होती.

डॉक्टरने दोष पायांत सांगितला होता. गावाने तो दोऱ्यात काढला.

पहिल्या शर्यतीनंतर आपाने कापलेल्या दोऱ्याला काडी लावली, तर त्याचा वितळून काळा मणी झाला. "प्लास्टिक!" आपा सुनेवर, तिलेकच्या आईवर, कडाडली. "लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो, जिपार, आणि चिमटीत राख होते. पोराला तू पाण्याच्या बाटलीने बांधलंस! कसा चालेल?" दुसऱ्या वेळी लोकर खरी होती, पण खाटकाकडची निघाली. मेलेल्या जनावराची लोकर पोराला काय उठवणार? तिसऱ्या वेळी काळा रंग वरून दिलेला निघाला. तो तिलेकच्या पायांना लागला आणि बरेच दिवस गेला नाही. पायही कुठे गेले नाहीत.

शर्यत म्हटली की धावणाऱ्यांना भेट आली. जिपार क्रोशाने टोप्या विणायची. पहिल्या टोप्या बाटलीच्याच लोकरीच्या, काढताना डोक्यावर ठिणग्या उडायच्या. नंतरच्या खऱ्या. त्यातली एक कुणीतरी उकळत्या पाण्यात धुतली, ती हल्ली त्यांच्या किटलीला बसते. आता जिपारला डोळे मिटून, नुसत्या बोटांनी, मेंढीच्या मानेची लोकर कुठली आणि पोटाची कुठली ते सांगता यायचं. गावात तिची टोपी नाही असं डोकं उरलं नव्हतं. आणि एका न चालणाऱ्या पोरापायी अख्ख्या खोऱ्यात त्या गावाइतकं जोरात धावणारं दुसरं गाव नव्हतं.

या वेळचा दोरा विकतचा नव्हता. घरची काळी मेंढी, घरची पांढरी मेंढी, दोघी जिवंत. जिपारने लोकर स्वतः कातरली, विंचरली, टकळीवर कातली, आपाने सांगितलं तसा डावीकडे पीळ दिला. आपाने दोरा दाताखाली धरला, नाकाला लावला, उजेडात धरला आणि पहिल्यांदाच दोष न काढता परत दिला. मग म्हणाली, "या वेळी तू धाव. जो कापतो त्याचा गुण पोराला लागतो म्हणतात. बुरूलसारखं धावायला नको. तुझ्यासारखं चुलीपर्यंत चाललं तरी बास."

तोक्तोसुन आजोबांनी आपली टोपी हवेत फेकली. गाव निघालं. पुढे कुणी जायचं नाही, हे प्रत्येकाला बजावलेलं. धडधाकट बाप्ये लंगडायला लागले. बुरूल सपाट जमिनीवर ठेच लागून पडली, उठली आणि बुटाच्या नाड्या बांधत बसली. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

जिपार मात्र खरंच धावली. डोक्यावरचा रुमाल सुटून पडला, तरी थांबली नाही.

तिलेक टाळ्या वाजवत होता. त्याला शर्यती फार आवडायच्या.

ती धापा टाकत त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. कात्री उघडली, पाती दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना नेली आणि तशीच धरून राहिली.

"काप की गं," आपा म्हणाली.

जिपार दोऱ्याकडे बघत होती. त्यात कुठे सांधा नव्हता, कुठे रंग नव्हता, पीळ कुठे सैल नव्हता. हा कापूनही तिलेक चालला नाही, तर दोष काढायला तिने जागाच ठेवली नव्हती.

"आपा, काडेपेटी द्या."

"आता कशाला?"

"द्या तर."

तिने दोऱ्याचं लोंबतं टोक छाटलं आणि त्याला काडी लावली. वारा पडलेला होता. केस जळल्याचा वास सगळ्यांच्या नाकात शिरला. मेंढरांत जन्मलेली, मेंढरांत वाढलेली माणसं ती. टोकाची भुरभुर राख झाली आणि जिपारच्या तळहातावर पडली.

"बघा," ती म्हणाली. "प्लास्टिक."

मग तोक्तोसुन आजोबा पुढे आले. वाकले, राख हुंगली, बाहीला नाक पुसलं.

"प्लास्टिकच," ते म्हणाले. "नुसती बाटली आहे."

"मला तर तिकडूनच वास आला," एक बाप्या म्हणाला. तो लंगडायचं विसरून पुढे आला होता.

सगळे आपाकडे बघायला लागले. आपा खुंट्याला बांधलेल्या काळ्या मेंढीकडे बघत होती. मेंढी एका कुशीने भादरलेली होती आणि रवंथ करत होती.

"या मेंढ्यांचं हल्ली काही खरं नाही," आपा म्हणाली.

जिपारने कात्री मिटली. दोऱ्याची गाठ दातांनी हळूहळू सोडवली, दोरा बोटांभोवती गुंडाळून खिशात ठेवला आणि बुरूलला हाक मारली.

"कुठला रंग हवा तुला?"

"कुठलाही चालेल, काकू," बुरूल म्हणाली. "पण मोठी विण. पहिली आता बसत नाही."