पाटीवरचा नंबर

शिडीवरून पेंटरने विचारलं, "वहिनी, इथं नंबर दादांचाच टाकू ना?"

"माझा टाका. आधी होता तोच," हेमलता म्हणाली.

तो नंबर तिनेच आठ महिन्यांपूर्वी पांढऱ्या रंगाने पुसला होता. शिवणकामाच्या दुकानाच्या पाटीवरून तो घेऊन कुणीतरी दिवसाला चाळीस-चाळीस मेसेज पाठवायचा. आज कुठली साडी नेसलीस, भाजी कुठं घेतलीस, सगळं. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून सुरू. शेवटी तिचा फोन नवऱ्याच्या खिशात गेला. ब्लाउजबद्दल त्याच्याशी काय बोलायचं, म्हणून गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. पण तिने एकही मेसेज पुसला नव्हता. त्याच मेसेजवरून मागच्या महिन्यात पोलिसांनी त्या माणसाला उचललं.

ती बाहीला काठ लावत होती, तेवढ्यात शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या खिशात तिचा फोन वाजला.

"अनोळखी नंबर आहे. मी घेऊ?"

मशीनवरचे तिचे पाय थांबले. मग तिने हात पुढे केला, फोन घेतला आणि कानाला लावला.

"वहिनी, मीच," आवाज फोनमधूनही आला आणि दारातूनही. "पाटीवरचा नंबर लावून बघितल्याशिवाय मी शिडी काढत नाही."

तिला हसू आलं. नवऱ्याने फोन परत घ्यायला हात पुढे केला होता. तिने फोन मशीनवर, कात्रीशेजारी ठेवला.

"लागला," ती दाराकडे बघून म्हणाली. "काढा आता शिडी."