भावडबारीतले नऊ कांदे

या, जरा जवळ सरका. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं या, सतरंजीवर जागा आहे. बुवा येईपर्यंत एक गोष्ट सांगतो. लहानशी आहे, पण मन लावून ऐका.

दोन हजार एक साल, श्रावणातला सोमवार. सटाण्याहून पहाटे सुटलेली नाशिकची एसटी भावडबारीचा घाट पहिल्या गिअरवर कण्हत चढत होती, तेव्हा दीपमालाला जाग आली. झोपेतच तिनं पायाशी हात नेला. कांद्यांची जाळीची पिशवी तिथं नव्हती.

दीपमाला पुण्याला एम.एस्सी. करत होती. दर पंधरा दिवसांनी गावी यायचं, वडिलांच्या कांदाचाळीतून तीस कांदे काढायचे, प्रत्येकाला दोऱ्यानं नंबरची चिठ्ठी बांधायची आणि सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत प्रयोगशाळा गाठायची. साठवलेला कांदा कसा नासतो, हाच तिचा विषय. एक पंधरवडा जरी चुकला तरी नोंदींची साखळी तुटणार, पुढच्या हंगामात पहिल्यापासून सुरुवात. आणि पुढच्या हंगामात घरचे तिचं लग्न धरून बसले होते.

एसटीनं तिचे गुडघे खाल्ले होते, दोन पावसाळे कपडे अंगावरच वाळवायला लावले होते. पण याच एसटीत तिची खिडकी होती, देवळा सुटलं की लागणारी गाढ झोप होती, आणि "चहा टाक गं" असं कुणी म्हणत नाही असे आठ तास होते.

पिशवी शेजारच्या म्हातारीच्या मांडीवर होती. तोंडाला छान गाठ मारलेली. आत एकवीस कांदे, एकेक निवडक.

"आजी, बाकीचे कुठं गेले?"

म्हातारीचं नाव सगुणाबाई. सगळा जन्म लोकांच्या चाळींवर कांदा निवडण्यात गेलेला. वास आला की डोळ्यांआधी तिचे हात कामाला लागायचे.

"नऊ नासेल व्हतात वं माय," ती खिडकीबाहेर बोट दाखवत मायेनं म्हणाली. "बाकीसले लागतात ना. फेकी दिनात."

"आजी, मला तेच हवे होते."

आसपासचे हसले. मागून कुणी तरी म्हणालं, "पुण्यात आता नासकेच खातात का वं ताई?"

कंडक्टर वाल्मीक तिकिटांची पेटी सावरत आला. "मॅडम, नाशिकला मार्केटच्या मागं ढीग पडलेला असतो. पाटीभर उचला."

"त्यांना माझे नंबर नाहीत. ते नऊ गेले तर माझं अख्खं वर्ष गेलं. गाडी थांबवा."

"घाटात थांबत नाही गाडी."

"मे महिन्यात थांबली होती. नवरदेवाला उलटी झाली तेव्हा. मी याच सीटवर होते."

"अहो, तो नवरदेव होता."

दीपमाला उठली. दोन वर्षांच्या प्रवासात तिला एवढं कळलं होतं, की एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. तिनं डोक्यावरची दोरी एकदाच ओढली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला.

"पुढची गाडी आठ दहाची आहे," वाल्मीक म्हणाला.

"माहीत आहे. ती नऊच्या आत कधी येत नाही, तेही माहीत आहे."

ती उतरली. मागोमाग लुगड्याचा काष्टा सावरत, गाठोडं काखेत मारून सगुणाबाईही उतरू लागली.

"आजी, तुम्ही कुठं? नाशिकला नऊला काल्याचं कीर्तन आहे म्हणून तर पहाटे निघालात."

"काला पुढला सालले बी व्हई," सगुणाबाई पायरीवरून म्हणाली. "हाई पोरनं साल जाई."

गाडी निघून गेली. दीपमालानं पिशवी खांद्याला मारली. खाली उतरत जाणारा घाट बघून ती म्हणाली, "आता या एवढ्यात कुठं शोधायचं?"

"कोठे कोठे फेकात, माले याद शे. कोनले लागाले नको म्हनीसन वळणवरच फेकात."

आणि खरंच, वळणागणिक एक. पहिला कठड्याच्या दगडात, दुसरा घाणेरीच्या झुडपात, चिठ्ठीसकट. एक मोटारसायकलवाला थांबला. "काय हरवलं?"

"कांदे," दीपमाला म्हणाली.

"सोन्याचे का?"

"नासेल," सगुणाबाईनं सांगितलं. त्यानं दोघींकडं एकदा पाहिलं आणि गाडीला जोरात किक मारली.

आठ सापडले. नवव्यावरून ट्रक गेला होता. डांबरावर त्याचा लगदा झाला होता, नंबर मात्र वाचता येत होता. दीपमालानं जेवणाचा डबा उघडला आणि भाकरी काढून सगुणाबाईच्या हातात दिली. सगुणाबाईनं ती पदरात बांधली, आणि डबा आपल्याकडं ओढून घेतला.

सव्वानऊला गाडी आली, ती दीपमालानं रस्त्यात आडवं उभं राहून थांबवली. दोघी बसल्या तशी पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला.

"वास येतोय?" दीपमालानं विचारलं.

"येतोय."

"खिडकी उघडा."

पिशवी मांडीवर घेऊन ती ताठ बसली. नाशिकला गाडी बदलून तिनं पुणं गाठलं, आणि पाचला दहा कमी असताना तीसही कांदे प्रयोगशाळेच्या टेबलावर नंबरानं मांडलेले होते.

बुवा आले वाटतं. आता एवढंच मागणं. काल्याच्या कीर्तनाला बसाल, दहीलाह्या हातावर येतील, तेव्हा पहिला घास सगुणाबाईची आठवण काढून घ्या. त्या सकाळी नाशिकला काल्याचं कीर्तन सुरू झालं तेव्हा ती घाटात गुडघे टेकून बसली होती, आणि डांबराला चिकटलेला कांदा नखानं खरवडून डब्यात भरत होती.