काकडीची फोड

दसऱ्याच्या सुट्टीत सोनकीच्या फुलांचे फोटो काढायला कॉलेजातल्या चौघी मैत्रिणी नाशिकहून पेठच्या घाटात आल्या होत्या. दमल्यावर रस्त्याकडेच्या काकडीवालीपाशी थांबल्या आणि त्यांच्यातली निर्मला मागे सरकली. काकडीवाली तिची सख्खी मामी होती. "चिमणे, कवा आलीस गं?" मामीचा चेहरा फुलला. "ओळखतेस हिला?" मैत्रिणीने विचारलं. मामीच्या गुडघ्यापर्यंतच्या लुगड्याकडे बघत निर्मला पटकन म्हणाली, "छे, नाही गं." मामीची सुरी क्षणभर थबकली. मग तीच हसली. "चुकलं ताई. आमच्या भाचीवानी दिसता तुम्ही." तिने काकड्या चिरल्या, तिखटमीठ चोळलं आणि एकेकीच्या हातात फोड ठेवली. गाडीत पहिल्याच घासाला तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाप रे, काय तिखट आहे!" निर्मलानेही मान खाली घालून घास घेतला. लहानपणी लावायची तसं मामीने तिच्या फोडीला नुसतं मीठ लावलं होतं.