त्रेचाळीसच्या आत

"तांबडी घ्या," गजा मेस्त्री तिसऱ्यांदा म्हणाला. "शर्यत जिंकायची असेल तर करडीकडे बघूही नका."

हिरामण बघत होता मात्र करडीकडेच. खोपोलीत गजाच्या गॅरेजपुढे दोन्ही गाड्या उन्हात उभ्या होत्या. दोन्ही मुंबईच्या एका हौशी शेठजींच्या, आणि दोन्ही विकायच्या. तांबडी दोन माणसांची, बिनटपाची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. विमानाच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती भरत, तिथे तिने दोन कप मिळवले होते. करडी चार दारांची. इंजिन दमदार, पण शेठजी तिच्यातून रोज कचेरीत जात, एवढीच तिची कीर्ती.

"त्रेचाळीस मिनिटांच्या आत पोचंल ती घेईन," हिरामण म्हणाला. "माझ्या शेताच्या बांधापासून कर्जतपत्तर. नाय पोचली तर दोनी ऱ्हाऊ द्या."

"त्रेचाळीसच का?"

"रेकॉर्ड हाय."

"कुणाचं?"

"आमच्याच घरातलं."

गजाने हसू गिळलं. कळंबच्या पलीकडच्या वाडीतला हा शेतकरी तालुक्याला ठाऊक होता. त्याच्या बैलजोडीला चार वर्षं कुणी हरवलं नव्हतं. मनगटावरचं घड्याळही शर्यतीच्या बक्षिसाचं. मग एकदा जोडी हरली म्हणे, आणि त्याने ती आठवड्याच्या आत विकून टाकली. हार न पचणारा माणूस. वर्षभर तो खाणीच्या ट्रकवर गाडी शिकत होता, आणि आता कारखान्याला जमीन देऊन जे आलं ते सगळं एका मोटारीत घालायला निघाला होता.

कर्जतचा सदू टॅक्सीवाला आपल्या गाडीचं काम व्हायची वाट बघत बाकावर बसला होता. त्याला राहवेना.

"बैलं हरली म्हणून मोटार? हिरामणशेट, ही पन हरली तर इमान आना!"

"आनीन."

"अवो, करडी घ्या आन टेसनवर माझ्या शेजारी लावा. रोजचं भाडं मिळंल."

"भाड्यानं फिरायची नाय. अंगणात उभी ऱ्हाईल, तोंड रस्त्याकडं करून. शर्यतीलाच निघंल."

"वाडी हसंल तुमाला!"

"हसू दे रं सदू. रडन्यापरीस बरं."

सोमवारी तांबडीची पाळी होती. हिरामणने अटी घातल्या. इंजिन थंड हवं. घड्याळ लावायचं ते गाडीत बसल्यावर नाही, बांधावरच. बांधावर तांदळाची गोणी होती, सोळा किलोची, तोलून भरलेली. ती उचलून गाडीपर्यंत धावायचं.

गजाने मान डोलावली. परदेशातल्या एका मोठ्या शर्यतीत चालक असेच धावत येऊन गाडीत बसतात, हे त्याने मासिकात वाचलं होतं. वजन घालून गाडी जोखणं ही तर शर्यतवाल्यांची रीतच. या माणसाला हे कुठून कळलं, याचं त्याला नवल वाटलं.

हिरामण चालवायला बसला. गोणी गजाच्या मांडीवर आली.

"मेस्त्री, गोणी हलू देऊ नका. आजिबात."

सुरू होतानाच तांबडीने दोन मिनिटं खाल्ली. ओढ्यातल्या दगडांवर तिचं पोट घासलं. कच्च्या सडकेवर ती रांगत निघाली. पुढे डांबर लागल्यावर तिने सगळा राग काढला. गजाच्या डोळ्यांतून वाऱ्याने पाणी आलं. कर्जतमध्ये एका सरकारी आवाराचं पांढरं फाटक ही शेवटची खूण होती. गाडी वळवायला तिथे ऐसपैस जागा, म्हणून गजालाही ती पटली होती.

घड्याळात सत्तेचाळीस मिनिटं झाली होती.

"रस्ताच वाईट, त्याला ती काय करणार?" गजा म्हणाला. "चांगल्या रस्त्यावर तिला तोड नाही."

"चांगला रस्ता कुठं हाय ते सांगा. घर तिकडं नेतो."

मंगळवारी करडी वाडीत आली. हिरामणने मागच्या सीटवर जुनं लुगडं पसरून ठेवलं. मग बांधावरून गोणी उचलून धावत आला आणि ती त्यावर आडवी निजवली.

"बसवली काय, निजवली काय, वजन तेवढंच," गजा म्हणाला.

"तुमी तिच्यापाशी बसा. हात ठेवा वर."

करडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. ओढा तिने डुलत ओलांडला. कच्च्या सडकेवर खड्डे होते, पण तिची चाकं ते गिळत गेली. डांबर दिसायला लागलं, तोच पुढे पेंढ्याच्या तीन बैलगाड्या सडक अडवून चालल्या होत्या. हिरामणने भोंगा दाबून धरला. गाडीवान हलेनात. त्याने चाक वळवलं आणि गाडी सरळ शेतात घातली.

"अहो, मोडाल तिला!" गजा ओरडला.

"गोणी धरा!"

सुगी झालेल्या खाचरातून, एक बांध चढून नि दुसरा उतरून, करडी गाड्यांच्या पुढे सडकेला लागली. गजाने दोन्ही हातांनी गोणी दाबून धरली होती. आपण काय म्हणून एवढे घाबरलो, हे त्यालाच कळेना.

पांढऱ्या फाटकाशी धूळ उडवत गाडी थांबली. गजाने पुढे वाकून हिरामणच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"एकोणचाळीस! मोडलं की हो रेकॉर्ड! आता तरी सांगा, कुणाचं होतं?"

हिरामणने उतरून मागचं दार उघडलं आणि गोणी दोन्ही हातांवर घेतली. फाटकातून पांढऱ्या साडीतली एक नर्स धावत आली. तिच्यामागे स्ट्रेचर घेऊन दोघे जण.

"काय झालंय? पेशंट कुठंय?"

"आज कुनी नाय, बाई," तो म्हणाला. मग गजाकडे वळला.

"माझ्या मैनाचं. नाग डसल्यावर बैलगाडीत त्रेचाळीस मिनिटं जगली पोर."