रजिस्ट्रीतली की

दातांच्या दवाखान्यातलं एक्स-रे मशीन सकाळपासून बंद होतं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला तेव्हा बाहेर गाल सुजलेल्या एक आजी ताटकळत बसल्या होत्या.

विंडोजच्या रजिस्ट्रीतली, म्हणजे सेटिंग्जच्या यादीतली, एक की, म्हणजे एक नोंद, गायब झाली होती. तिच्याशिवाय कॉम्प्युटरला मशीन सापडत नव्हतं. त्याने ती पुन्हा बनवली. मिनिटभरात ती नाहीशी झाली.

चार वेळा तेच झालं. व्हायरस नव्हता, नेटही काढलेलं होतं. त्याचं डोकं चालेना.

"मॅडम, जरा स्क्रीनवर लक्ष ठेवता? कधी जाते ते बघा."

डॉक्टर त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अहो, तुम्हीच तर पुसलीत."

"मी कशाला पुसेन?"

"आत्ता, माझ्यासमोर. डिलीटवर गेलात आणि 'यस' दाबलंत."

हसावं की चिडावं, त्याला कळेना. त्याने की पुन्हा बनवली, खुर्चीतून उठला आणि दाराशी जाऊन हाताची घडी घालून उभा राहिला.

"आता बघा," तो म्हणाला.

डॉक्टर वळल्या नाहीत. रिकाम्या खुर्चीकडे बघत त्या वैतागून म्हणाल्या, "हे बघा, परत पुसलीत. आता तरी उठा, मी दुसऱ्या कोणाला तरी बोलावते."