गाड्यांची मोजणी

लिंबाखाली खुर्ची टाकून बसणारा तो माणूस तिसऱ्या दिवशीही आला, तेव्हा रहीमचाचांनी हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात तशीच सोडली आणि उठले.

शिरूरमध्ये नगर रस्त्याला लागून चाचांचं पंक्चरचं दुकान. चार पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि दारात टांगलेलं टायर. बत्तीस वर्षं तिथंच, पण जागेचा कागद म्हणाल तर एकही नाही. खुर्चीवाला रस्त्याकडं बघायचा, मांडीवरच्या पॅडवर काहीतरी ओढायचा, पुन्हा बघायचा. मध्येच त्याची नजर दुकानावरून फिरते, असं चाचांना दोन दिवस वाटत होतं. शेजारच्या हॉटेलवाल्या मच्छिंद्रनं तर निकालच दिला होता, "अतिक्रमणवाला हाय त्यो. आधी कागुद येतो, मागनं जेसीबी."

"काय लिवताय, पाव्हणं?" चाचांनी जवळ जाऊन विचारलं.

"गाड्या मोजतोय, चाचा."

माणूस तिशीतला, मांडवगण फराट्याचा. नाव नवनाथ. कुठल्याशा कंत्राटदारानं त्याला आठवडाभर रोजंदारीवर बसवलं होतं.

"गाड्या मोजायला कोण रोज देतं?"

"देत्यात की. ह्ये बघा." कागदावर रकाने होते. ट्रक, बस, जीप, मोटारसायकल. गाडी गेली की त्या रकान्यात एक रेघ.

"आन् मोजून?"

"जास्ती भरल्या तर माणसांना पल्याड जायला पूल, आन् रस्ता रुंद करायचा. दोन्ही अंगानं."

"कमी भरल्या तर?"

"मग हाय तसाच."

चाचांचा काही विश्वास बसला नाही. ते दुकानात येऊन बसले, पण 'दोन्ही अंगानं' हे दोन शब्द त्यांच्या डोक्यातून जाईनात. नवनाथच्या पिशवीत टेप असणार, खुणा करायचा रंग असणार, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

दुपारी नवनाथ पोटाला हात लावून दुकानाशी आला. "चाचा, पोट लई बिघडलंय. स्टँडवर जाऊन येतो. तवर रेघा वढता का? कागुद मोकळा दिसला तर माजा खाडा धरत्यात."

हा डावच वाटला चाचांना. आपल्या हातानं लिहून घेतोय आणि उद्या तेच आपल्यासमोर धरणार. पण पॅड त्यांच्या हातात देऊन नवनाथ निघूनही गेला होता.

चाचा खुर्चीवर बसले. पहिला ट्रक गेला, त्यांनी रेघ ओढली. दुसरा गेला, ओढली. तिसऱ्याला पेन कागदावर टेकलं आणि तसंच राहिलं.

रांजणगावला कंपन्या आल्यापासून या रस्त्याला उसंत नव्हती. कंटेनर, कामगारांच्या बसगाड्या, टमटम, एकामागं एक. चाचा तीनातली एक लिहू लागले. मग चारातली एक. आजूबाजूला कुणी बघत नव्हतं. कुणाचं काही घेतलं नाही, नुसती रेघ ओढली नाही, त्यात काय एवढं, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं.

"रहीमभाऊ, मला तेवढं पल्याड न्या की."

सारजाबाई होती. पलीकडच्या वस्तीत राहणारी, सत्तरीची म्हातारी. दवाखान्यातून गोळ्या घेऊन आलेली. "कवाची उबी हाय. एक गाडी थांबंना."

चाचांनी पॅड काखेत मारलं आणि तिचा हात धरला. दोघं कडेला उभे राहिले. चाचांनी पाऊल टाकलं, मागं घेतलं. पुन्हा टाकलं, पुन्हा घेतलं. एक बस इतकी जवळून गेली की म्हातारीचा पदर खांद्यावरून उडाला. तिनं चाचांचं मनगट घट्ट आवळलं.

"गिताबाईला हितंच उडवली न्हवं?" ती हळूच म्हणाली.

वस्तीतल्याच गिताबाईला उचलून जीपमध्ये घालणाऱ्यांत चाचाही होते. पाऊण वर्ष झालं होतं. उभ्या उभ्या ते मनातल्या मनात मोजत होते. ट्रक बावीस, बस नऊ. मोटारसायकलींचा हिशेब कधीच सुटला होता. शेवटी एका ट्रकवाल्यानं ब्रेक मारला, तेव्हा कुठं दोघं पलीकडं गेले. परत यायला चाचांना एकट्याला तेवढाच वेळ लागला.

नवनाथ येऊन थांबला होता. त्यानं पॅड घेतलं, कागदाकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं, मग पत्र्याच्या दुकानाकडं.

"लई कमी दिसत्यात, चाचा."

चाचा दुकानाकडं वळले.

"दुकान तुमचंच हाय न्हवं ह्ये?" तीन दिवस चाचा ज्या नजरेनं त्याच्याकडं बघत होते, त्याच नजरेनं आता तो त्यांच्याकडं बघत होता.

चाचांनी पॅड परत ओढून घेतलं. खुर्चीवर बसले आणि रेघा ओढू लागले. ट्रकचा रकाना भरला, समास भरला, तरी पेन थांबेना.

"बास झालं, चाचा."

"गप. मी हुबा व्हतो तिथं."

कागद भरला तेव्हा त्यांनी पॅड नवनाथच्या हातात दिलं, पण लगेच सोडलं नाही.

"ह्यो कागुद वर पोचतो का पण, खरंच?"

"मला न्हाई ठावं," नवनाथ म्हणाला. "चार वर्सांखाली दौंडलाबी मोजल्या व्हत्या आम्ही."

"मग? तिथं काय झालं?"

"ह्या महिन्यात परत मोजायला बोलावलंय."