बेटावरचा मुलगा

"चूक मुलाचीच," श्यामकांत म्हणाले. "बापाने स्पष्ट सांगितलं होतं, सूर्याच्या जवळ जायचं नाही."

दिल्लीत करोल बागेतल्या त्यांच्या घरी टीव्हीवर तो भाग नुकताच संपला होता. कधीकाळी दूरदर्शनवर लागणारी ती जुनी इंग्रजी अंतराळ-मालिका. तिचे चाहते अधूनमधून रविवारी इथे जमत, एखादा भाग बघत आणि मग त्यावर मनसोक्त वाद घालत. आजच्या भागात ग्रीक पुराणातल्या इकारसची गोष्ट होती. परक्या ग्रहावर एका बेटावर कैदेत पडलेला इंजिनियर स्वतःसाठी आणि मुलासाठी पंख बनवतो. दोघं उडतात. मुलगा फार वर जातो, त्याचे पंख वितळतात, आणि बाप एकटाच सुटतो.

शेजारच्या अंशुमनच्या मते दोष पंखांचा होता. असलं डिझाइन त्याच्या ऑफिसात कुणी पासच केलं नसतं. वृंदाताई श्यामकांतांच्या जुन्या सहकारी. त्यांना बापाचाच राग आला होता. पुढे उडताना त्याने एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. श्यामकांतांनी दोघांनाही खोडून काढलं. बापाने जीव धोक्यात घालून मुलाला पंख दिले, याहून जास्त त्याने काय करायचं होतं?

त्यांची मुलगी स्वानंदी कोपऱ्यात वेताच्या मोढ्यावर बसून ऐकत होती. ती यूपीएससीचा अभ्यास करत होती. घरातली ये-जा नको म्हणून श्यामकांतांनीच तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुनिरकात खोली घेऊन दिली होती. हा तिचा चौथा प्रयत्न. पूर्वपरीक्षा गेल्याच रविवारी झाली होती, पण पेपर कसा गेला याला 'ठीक'पलीकडे उत्तर मिळालं नव्हतं.

वृंदाताईंनी तिला विचारलं, तुझं काय मत?

"तो मुलगा बेटावरच जन्मलेला असतो," स्वानंदी म्हणाली. "पहिल्याच सीनमध्ये खेकड्यांच्या मागे पळतोय, हसतोय. त्याला कुठे जायचंय तिथून? कैद बापाला झाली होती."

अंशुमन म्हणाला की पॉइंट बिल्कुल बरोबर आहे यार, आणि श्यामकांतांनी विषय बदलून पुढच्या भागाचं काढलं. पण त्यांचं लक्ष उडालं होतं. थोड्या वेळाने पाहुणे गेले. त्यांच्या पत्नी विजयालक्ष्मी चहाचे कप गोळा करू लागल्या, तेव्हा श्यामकांतांनी स्वानंदीला समोर बसवलं आणि पेपरचं नीट विचारलं.

"मी पेपरला गेले नाही, बाबा," ती म्हणाली. "खोलीवरच होते."

तिचा आवाज जराही चढला नव्हता. श्यामकांतांचाच चढला. संधी, मेहनत, लोकांची मुलं, सगळं त्यांनी ऐकवलं. ती मान खाली न घालता ऐकत राहिली. शेवटी ते नेहमीच्या ठिकाणी येऊन पोचले. तुझ्या वयाचा असताना मी, त्यांनी सुरुवात केली.

"माझ्या वयाचे असताना तुम्हाला काय करायचं होतं?" स्वानंदीने विचारलं. त्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

उत्तर तयार होतं. हीच परीक्षा, मुलाखतीपर्यंतची मजल, थोडक्यात हुकलेली निवड, मग केंद्राच्या एका मंत्रालयातली नोकरी. हे सगळं त्यांनी शंभरदा सांगितलं होतं. सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण नजर बंद टीव्हीकडे गेली.

"मिरजेच्या शाळेत भूगोल शिकवायचा होता," ते म्हणाले. "दिल्लीला मला यायचंच नव्हतं. तुझ्या आजोबांनी पाठवलं."

हातातले कप घेऊन विजयालक्ष्मी तिथेच थांबल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याही हे आज पहिल्यांदाच ऐकत होत्या.